बारा फोटोंची फिल्म आणि एक्कावन्न माणसं

दिल्लीला जाऊन आले म्हटल्यावर लोक कुतुबमिनार आणि लाल किल्ल्याचं विचारतात. कुतुबमिनार मी बसच्या खिडकीतून पाहिला, तोही धुक्यात अर्धाच. मी गेले होते कॅमेरा आणायला.

मिरजेत माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, शाळांचे ग्रुपफोटो, पासपोर्टचे फोटो अशी कामं असतात. चौदा वर्षं मी छोट्या फिल्मवरच काम केलं. छत्तीस फोटोंचा रोल, पोस्टाच्या तिकिटाएवढी निगेटिव्ह, कॅमेरा गळ्यात अडकवला की दोन्ही हात मोकळे. त्याने माझं सगळं भागत होतं.

मग एक दिवस एक तरुण माणूस आला. चार-पाच महिन्यांपूर्वी त्याचं लग्न झालं होतं आणि फोटो मीच काढले होते. त्याला लहानाचं मोठं करणारी मावशी नुकतीच वारली होती. तिचा फोटो असा एकच होता, लग्नातल्या ग्रुपमध्ये, मागच्या रांगेत, अगदी टोकाला. "ताई, एवढा चेहरा मोठा करून द्या," म्हणाला. मी निगेटिव्ह काढली आणि डार्करूममध्ये बसले. चेहरा जितका मोठा करावा तितके दाणे फुटत गेले. डोळ्यांच्या जागी दोन करडे ठिपके उरले, नाक तर उरलंच नाही. तो फोटो त्याने हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "मावशीच आहे. उभं राहायची तऱ्हा तिचीच." माझी समजूत काढत होता तो. मला फार वाईट वाटलं.

यावर उपाय मला माहीत होता. मोठी फिल्म. तिची निगेटिव्ह सव्वादोन इंची चौरस, माझ्या निगेटिव्हच्या तिप्पट-चौपट. आमच्या भागात तेव्हा सगळे फोटोग्राफर असले जुने मोठे कॅमेरे मोडीत काढून छोटे घेत होते आणि मी उलट्या दिशेने निघाले होते. सांगली-कोल्हापुरात मिळाले ते कॅमेरे झिजलेले होते. तेवढ्यात माझी मावसबहीण उषाक्का हिचं दिल्लीहून पत्र आलं. परदेशी वकिलातींतली माणसं बदली झाली की सामान इथेच विकून जातात, करोल बागेत एक दुरुस्तीवाले आहेत, त्यांच्याकडे असे कॅमेरे येतात, तू ये, असं तिने लिहिलं होतं. जानेवारी संपता संपता मी गाडीत बसले.

लक्ष्मीबाई नगर

उषाक्काचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, केंद्र सरकारच्या नोकरीत. त्यांचं क्वार्टर खालच्या मजल्यावर, पुढे हातभर बाग, बागेत कोथिंबीर आणि मुळे. शेजारी एका बाजूला तमिळ कुटुंब, दुसऱ्या बाजूला बंगाली. जिन्यात प्रत्येक मजल्यावर वेगळ्या फोडणीचा वास येतो. उषाक्का घरात मराठी बोलते, पण वीस वर्षांत त्या मराठीत बरंच काही मिसळलंय.

"अगं, स्वेटर घाल यार, इथली थंडी बिल्कुल वेगळी असते," तिने दारातच सांगितलं.

वेगळी म्हणजे किती, ते दुसऱ्या दिवशी सकाळी नळाखाली हात धरल्यावर कळलं. आमच्याकडे थंडी पहाटे येते आणि आठ वाजता निघून जाते. इथे ती घरातल्या माणसासारखी दिवसभर बसून असते. लोक जेवणाचं ताट घेऊन उन्हात जातात, वाटाणे उन्हात सोलतात, स्वेटर उन्हात विणतात. ऊन निघालं नाही तर अख्ख्या कॉलनीचा चेहरा उतरतो.

करोल बाग

साड्यांची दुकानं, सोनारांच्या पेढ्या आणि गाड्यांच्या सुट्या भागांचे ढीग ओलांडून आम्ही दोघी एका अरुंद जिन्यापाशी पोचलो. वर एक खोली. खिडकीशी टेबल आणि टेबलामागे खन्नाजी. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्याला घड्याळजी लावतात तसलं भिंग, अंगात दोन स्वेटर एकावर एक.

मी कशासाठी आले ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मावशीचा फोटोही मी दाखवला. कपाटातून त्यांनी एक कॅमेरा काढला. उभट डबा, पुढे एकाखाली एक दोन भिंगं. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. डोळ्याला लावायचा नाही. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून काचेत बघायचं.

मी बघितलं. त्या चौकोनी काचेत उषाक्का उभी होती, इतकी स्वच्छ की मला तिच्या मंगळसूत्रातला प्रत्येक मणी दिसत होता. मी तिला मध्यभागी आणायला कॅमेरा वळवला, तर ती काचेतून पळाली.

"उलटा दिखता है," खन्नाजी म्हणाले. "दायाँ बायाँ, बायाँ दायाँ. आठ दिन चक्कर आएगा, फिर ठीक."

किंमत माझ्या आवाक्यातली होती, पण त्यांनी कॅमेरा लगेच हातात दिला नाही. आधी एक खराब झालेला रोल दिला. या फिल्मला धातूची डबी नसते. ती काळ्या कागदासोबत गुंडाळलेली असते आणि उजेडापासून तिला वाचवतो तो फक्त हा कागद. त्यांनी मला रोल घालायला लावला, काढायला लावला, पुन्हा घालायला लावला. नंतर डोळे मिटून. उषाक्का स्टुलावर बसून कंटाळली.

"निकालते वक्त अँगूठा मत छोड़ना, बेटी. कागज ढीला हुआ तो रोशनी अंदर. और इसमें बारह फोटो हैं. तेरहवाँ माँगोगी तो नहीं देगा."

आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली. मोठ्या फिल्मवर पुढचं स्पष्ट आलं तर मागचं धूसर होतं. पुष्कळ माणसं असतील तर भिंगाचं छिद्र लहान ठेवायचं, आणि मग प्रकाश भरपूर हवा. निघताना स्वतःचा तिपाई स्टँड त्यांनी मला वापरायला दिला. पहिली फिल्म इथेच आणून धुवायची, अशी अटही घातली.

पुढचे दोन दिवस मी क्वार्टरच्या मागे वाळत घातलेले कपडे, मुळे, शेजारच्या तमिळ आजी, जे दिसेल ते काचेत धरत होते.

"मी डावीकडे सरकले की तू उजवीकडे का पळतेस?" उषाक्का विचारायची.

"मी नाही पळत. तू पळतेस."

भाऊजी वर्तमानपत्र खाली घेऊन हसत. शनिवारी ऑफिसातून आल्यावर मात्र त्यांनी एक काम आणलं. त्यांच्यासोबत काम करणारे सतबीर म्हणून गृहस्थ गुडगावजवळच्या एका खेड्यातले. त्यांच्या कुटुंबाची जमीन एका बिल्डरने घेतली होती. शेतातली मोहरी निघाली की ताबा जाणार होता. त्याआधी सतबीरच्या आजीला अख्ख्या घराचा एक फोटो हवा होता, शेतात, उभ्या पिकात. बाजारातल्या एका फोटोग्राफरने महिन्यापूर्वी काढला होता, पण त्यात कोण कुठला ते कळत नव्हतं.

"किती माणसं?" मी विचारलं.

"पन्नासच्या आसपास म्हणतो."

या कॅमेऱ्यावर मी अजून एकही फोटो धुऊन पाहिला नव्हता. पण नाही म्हणवेना.

मोहरीच्या शेतात

रविवारी सकाळी मेहरौलीवरून आमची बस निघाली तेव्हा रस्त्याकडेची झाडंसुद्धा दिसत नव्हती. धुकं जरा विरळ झालं की मोठमोठे फलक दिसायचे. त्यांच्यावर निळ्या पाण्याचे तलाव, हिरवळ आणि हसरी कुटुंबं रंगवलेली. फलकाच्या पायाशी मोहरीचं पिवळं शेत. मग अर्धवट उभ्या इमारती, सळया आकाशाकडे गेलेल्या. मग पुन्हा शेत, पुन्हा फलक. आमच्याकडचा ऊस माणसाला गिळून टाकतो, त्यात शिरलं की काही दिसत नाही. ही मोहरी कमरेएवढी. तिच्यात उभं राहिलेलं माणूस लांबून दिसतं.

सतबीर फाट्यावर घ्यायला आले होते. वाटेतच त्यांनी भाऊजींना बाजूला घेऊन काही सांगितलं, ते भाऊजींनी मला सांगितलं. सतबीरचे वडील धरमसिंह थोरले आणि काका रतनसिंह धाकटे. जमीन विकायचा आग्रह धाकट्याचा. थोरल्याने शेवटी सही केली, पण त्या दिवसापासून भावाशी बोलणं टाकलं. आठ महिने झाले होते. एकाच अंगणात दोन चुली पेटत होत्या, आणि शेतासोबत जुनं घरही जाणार म्हणून धाकट्याने पलीकडे नवं घर बांधलं होतं. म्हातारीला फोटो हवा होता तो याचसाठी, की दोघं एका जागी बसतील.

शेतात पोचले तर मंडळी जमलेली. खाटा मांडलेल्या, मागे ट्रॅक्टरची ट्रॉली उभी केलेली. दादी मधल्या खाटेवर, पाय वर घेऊन, गुडघ्यांवर गोधडी. तोंडात दात नाहीत, नजर मात्र सगळीकडे. भाऊजींनी माणसं मोजली. एक्कावन्न.

अडचण पहिल्याच मिनिटाला आली. घरातल्या सगळ्या सुना छातीपर्यंत घुंगट ओढून उभ्या. आमच्याकडे बायका डोक्यावर पदर घेतात, चेहरा उघडाच असतो. इथे सासऱ्यासमोर आणि थोरल्या दिरासमोर चेहरा दाखवत नाहीत. मी एवढा मोठा कॅमेरा आणला होता तो चेहरे दिसावेत म्हणून, आणि बारा चेहरे ओढणीमागे.

मी दादीशेजारी बसून हळूच सांगितलं.

"मर्द आगे बिठा दे," ती म्हणाली. "सामने देखेंगे. पीछे इनकी आँख थोड़े ही सै."

तसंच केलं. वडीलधारे पुरुष पुढे खाटांवर, तोंड माझ्याकडे. सुना मागे ट्रॉलीवर. दादीने एक हाक दिली आणि बाराच्या बारा घुंगट वर गेले. सगळ्यांत धाकटी सून हसू आवरत माझ्याकडे बघत होती. तिच्या गालावर खळी होती.

दादीने एका बाजूला थोरल्याला आणि दुसऱ्या बाजूला धाकट्याला बसवलं. थोरल्याने मान पूर्वेला वळवली, धाकट्याने पश्चिमेला.

आता सगळं तयार होतं, पण ऊन नव्हतं. छिद्र लहान ठेवायचं तर पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा लागणार, आणि एक्कावन्न माणसं तेवढा वेळ निश्चल राहणं शक्य नव्हतं. मी थांबायचं ठरवलं. साडेदहा झाले, अकरा झाले. लहान मुलं रडायला लागली. धरमसिंह दोनदा उठले.

"घणी देर हो गई. बाजार वाले ने तो दो मिनट में काढ दी थी," ते म्हणाले.

"उसमें तेरा मुँह था?" दादीने विचारलं. ते पुन्हा बसले.

पावणेबाराला धुकं पातळ झालं. वर एक पांढरी चकती दिसली, मग ती पिवळी झाली, आणि बघता बघता सगळं शेत पेटल्यासारखं उजळलं. कुडकुडलेल्या माणसांनी खांद्यावरच्या शाली सैल केल्या. मी मान खाली घातली. काचेत एक्कावन्न माणसं उलटी होऊन बसली होती, डावीकडची उजवीकडे. मी "थोडं डावीकडे" म्हटलं की चुकीची रांग सरकायची. मग मी हाताने दाखवू लागले.

दहा फोटो काढले. दहाही वेळा सगळे परीक्षेला बसल्यासारखे ताठ, आणि दोघं भाऊ दोन दिशांना. दोनच फोटो उरले. मी म्हटलं, "एक मिनट, मैं जरा देख लूँ," आणि पुन्हा काचेत वाकले.

तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. छोटा कॅमेरा डोळ्याला लावला की समोरचा माणूस सावध होतो. इथे मी खाली मान घालून उभी. त्यांना वाटलं, ही अजून काहीतरी बघतेय. सगळे सैलावले. कुणी मुलाचं नाक पुसलं. मोहरीवर मधमाश्या उठल्या होत्या, त्यांतली एक रतनसिंहांच्या कॉलरवर येऊन बसली.

"हिल मत. माखी सै," धरमसिंह म्हणाले.

दादीच्या पाठीमागून त्यांनी हात लांबवला आणि दोन बोटांनी माशी उडवली. रतनसिंह शाळकरी पोरासारखे मान खाली करून स्थिर बसले होते. दादी समोर बघत होती आणि तिचं बोळकं तोंड उघडलं होतं. मी कळ दाबली.

बारावा फोटो काढला तेव्हा सगळे पुन्हा ताठ झाले होते.

त्यानंतर जे झालं त्याला मीच जबाबदार. उन्हात उभी राहूनच मी रोल बाहेर काढला. धाकट्या सुनेने कौतुकाने गरम दुधाचा पेला पुढे केला. बोटं गारठली होती, मी पेला घ्यायला एक हात सोडला, आणि अंगठ्याखालचा कागद सुटला. काळी सुरळी एक वेढा उलगडली. मी पेला टाकून रोल मुठीत आवळला आणि शालीत गुंडाळून पोटाशी धरला. दूध सगळं मातीत गेलं. तिला वाटलं, मला चटका बसला.

माझ्याकडे दुसरा रोल होता, पण मंडळी उठली होती. धरमसिंह एका बांधाने चालू लागले होते, रतनसिंह दुसऱ्या. सुटलेला वेढा सर्वांत बाहेरचा, म्हणजे शेवटच्या फोटोंवरचा. आत लगेच काय होतं ते मला ठाऊक होतं. बारावा आणि अकरावा.

जेवायला बाजरीची भाकरी, मोहरीच्या पाल्याची घोटून केलेली भाजी आणि वर लोण्याचा गोळा. आमच्या भाकरीपेक्षा ही जाड आणि गोडसर. सुना आग्रहावर आग्रह करत होत्या. मी ताटातली भाकरी नुसती कुस्करत होते. भाऊजींनी विचारलं, "मंदा, काय झालं?" मी त्यांना बसमध्ये बसल्यावर सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "उद्या मी रजा टाकतो. आपण सोबत जाऊ."

पुन्हा करोल बाग

शालीतला रोल बघून खन्नाजींना सगळं समजलं असावं. अंधाऱ्या खोलीत ते एकटेच गेले. मी आणि भाऊजी बाहेर बाकावर. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न विकत घेण्याआधी वाजवून बघत होतं, पुन्हा पुन्हा. भाऊजींनी आणलेली शेंगदाण्याची चिक्की आम्ही दोघांनी संपवली.

दार उघडलं. खन्नाजींच्या हातात ओली फिल्म लोंबत होती. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. शेवटचा फोटो निम्म्याहून जास्त काळा झाला होता. अकराव्याच्या दोन्ही कडांवरून काळे ओघळ आत आले होते.

"किनारे गए," ते म्हणाले. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढून मला दिलं. "बीच में देखो."

मी भिंग लावलं. ओघळ ट्रॉलीच्या चाकांपर्यंत येऊन थांबले होते. माणसांना कुठे लागले नव्हते. निगेटिव्हवर चेहरे काळे आणि केस पांढरे, पण सगळे होते. मी पुढच्या रांगेपासून मोजायला सुरुवात केली. थोरल्याची दोन बोटं, धाकट्याची झुकलेली मान. मागे ट्रॉलीवर, अगदी टोकाला, धाकटी सून. तिच्या गालावरची खळी मला दिसली. टोकाला उभ्या राहिलेल्या माणसाची खळी.

"एक्कावन्न," मी म्हटलं, आणि बाकावर बसून रडले. भाऊजी गडबडले. खन्नाजींनी मला पाणी दिलं आणि फिल्म वाळत घातली.

"पहला रोल था न?" ते म्हणाले. "मेरे पहले रोल में कुछ नहीं आया था. बिल्कुल कोरा."

संध्याकाळपर्यंत त्यांच्याच खोलीत आम्ही हातभर लांबीरुंदीचा फोटो छापला, कडा कापून.

फोटो पोचवताना

परतीच्या गाडीच्या आदल्या दिवशी दुपारी भाऊजींसोबत मी पुन्हा त्या खेड्यात गेले. बैठकीत, म्हणजे पुरुषांच्या बाहेरच्या खोलीत, खाटेवर फोटो उलगडला आणि त्याच्याभोवती माणसांची भिंत उभी राहिली. सुना दारापलीकडून बघत होत्या. प्रत्येकजण आधी स्वतःला शोधत होता. दादीला बारीक दिसत नव्हतं, तिला सतबीर बोट धरून एकेक चेहरा दाखवत होते आणि ती नाव घेत होती.

धरमसिंह मागच्या रांगेवर वाकले. "यो छोरी कौण सै?"

"थारी बहू सै," दादी म्हणाली. "चार साल तै थारी रोटी बणावै सै."

ते एकदम मागे सरले. दारापलीकडे बांगड्या वाजल्या.

मग त्यांची नजर मध्यावर आली. स्वतःचा लांब केलेला हात ते बराच वेळ बघत राहिले. रतनसिंह खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभे होते. तेही तेच बघत होते. शेवटी धरमसिंहांनी घसा खाकरला.

"बैठक में लागेगी. दरवाजे के ऊपर."

"बैठक तो टूटेगी चैत में," रतनसिंह फोटोकडे बघतच म्हणाले. "नए मकान में लगाओ."

"तेरे नए मकान की दीवार में कील भी जा सै? सीमेंट झड़ै सै."

"म्हारी दीवार नै के हुआ? थम आए कब देखण?"

"तन्नै बुलाया कब?"

आवाज चढले. सतबीर मध्ये पडायला निघाले. मलाही वाटलं, सोपा उपाय आहे. मी म्हणायला गेले, "मैं दो बना दूँगी," पण 'दो' म्हणताच दादीने माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात चांगलीच ताकद होती.

"ना बेटी, एक ही रहण दे," ती हळूच म्हणाली. "लड़ण दे इन्हें. आठ महीने पाछै बोले सैं."

भाऊजींनी मला घड्याळ दाखवलं. बसची वेळ होत आली होती. सुनेने दुधाचा पेला आणून दिला, या वेळी मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि दादीच्या खाटेवर पाय वर घेऊन बसले. "बसा हो थोडा वेळ," मी भाऊजींना म्हटलं. दोघं भाऊ एव्हाना नव्या घराची भिंत बघायला निघाले होते, अंगणातून जाताना खिळा किती इंची लागेल यावर मोठमोठ्याने भांडत.